शेळीभावाच्या पानावरची गर्दी

युसूफ वडगाव
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अंजू,

तुझ्या पत्राला श्रावणापासून उत्तर दिलं नाही, माफ कर. कामं होती हे खरं, पण कारण ते नव्हतं. पाटोद्याच्या बाजारात आता आपल्या वेबसाइटवरून काय थट्टा चालते ते तू लिहिलं होतंस : "इजूबाईचं पान उघडूस्तोर शेळी व्यायती." तू हसत लिहिलं असशील. मी मात्र पत्राची घडी घातली आणि ठरवलं, या वाक्याला उत्तर मिळेल तेव्हाच लिहायचं. आता मिळेल असं दिसतंय.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मला दोन मिनिटांत शांत करतेस आणि मला शांत व्हायचं नव्हतं. पत्रात मनासारखं रागावता येतं. हे सुग्रीवच्या टेम्पोतून पाठवते आहे, तो शेळ्या घेऊन तुमच्या बाजाराला येतोच. कागदाला वास येईल, झटकून घे.

बातमी अशी की अमरसिंहनं वेबसाइट परत माझ्या हाती दिली.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा क्रमानं लिहिते. रागाला क्रम नसला की तो नुसता आरडाओरडा होतो. आपण दोघींनी शेळीपालक बायांच्या संघासाठी ते पान केलं तेव्हा त्यावर काय होतं? बाजाराचं नाव, आणि खाली बोकड, शेळी, न व्यालेली पाट काल काय भावानं गेली ते. बस. व्यापारी शेळ्यांच्या वाडग्याच्या दारात येण्याआधी बाईला भाव ठाऊक असावा, एवढ्यासाठी ते होतं. मग संघाच्या सभेत माझे धाकटे दीर अमरसिंह उठले. "वहिनींनी पान केलंय का पंचांग? ना रंग, ना रूप!" लोक हसले. ज्यांच्यासाठी मी ते केलं होतं त्या बायाही हसल्या. त्याच बैठकीत त्यांच्या हाताखालच्या पप्पूला साइट सोपवायचं ठरलं. पासवर्ड मी माझ्या हातानं, सगळ्यांसमोर लिहून दिला. माझं अक्षर तेव्हा चांगलं आलं होतं, याचा मला अजून राग येतो.

परवा अमरसिंह घरी आले. "वहिनी, पप्पू पुण्याला पळाला. पान कुणाचंच उघडना. निवडणूक तोंडावर हाय, लोक मलाच बोलायलेत. तुमीच बघा."

"बघते. पण मी जे काढीन त्याला कावून म्हणून विचारायचं नाही."

"न्हाई विचारत. माझा फोटू तेवढा राहू द्या."

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी ते हो समजून घेतलं.

काल आत शिरून पाहिलं. अंजू, आपल्या पानावर केवढी गर्दी केली आहे! उघडलं की आधी झेंडूची हलणारी माळ. मग अमरसिंहचा हात जोडलेला फोटो, दिवाळीच्या शुभेच्छांसकट, भावांवर बरोबर आडवा. कोपऱ्यात एक बुडबुडा, "नमस्कार, आपली काय मदत करू?" तो पप्पूच्या फोनला जोडलेला आणि पप्पू तर पुण्यात. आपोआप सुरू होणारं एक भाषण आहे. राशिभविष्य आहे. किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा आहे आणि तो खोटा आहे, हजारांपासूनच सुरू केलाय. हवामान, नकाशा, पान पुढं पाठवायची सात-आठ बटणं, आणि भाव मोठ्यानं वाचून दाखवणारा एक भोंगा, त्याखाली "सौजन्य : अमरसिंह".

यातलं एकही आपल्या घरचं नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या कंपनीकडून, वेगळ्या दारातून मागवावा लागतो. पंगत बसलेली असावी आणि बाहेरगावचा शेवटचा पाहुणा येईपर्यंत कुणाच्याच पानात वाढू नये, तसं ते चाललंय. भाव सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं माझ्या नावावर! तळाला "निर्मिती : विजयमाला" ही ओळ त्यांनी मोठ्या मनानं तशीच ठेवली आहे. हसं झालं ते त्या ओळीमुळं.

आता मी एकेक काढणार आहे. प्रत्येकाच्या वेळी स्वतःला विचारायचं ठरवलंय : हे जड आहे म्हणून काढतेय, की त्यांचं आहे म्हणून? उत्तर खरं द्यायचं. तुझं काम एवढंच, मी काही काढलं की माळावर जाऊन तुझ्या नवरोबांच्या, सिदूभावजींच्या, जुन्या फोनवर पान उघडून बघ. आमच्या घरात वायफाय आहे, इथं सगळंच उघडतं. आपला तराजू तुमचा माळ.

तुझी,
विजू


पाटोदा
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय विजू,

पत्र मिळालं. एका कोपऱ्याला शेळीनं चाटलंय, पण तुझा राग शाबूत पोचला.

आधी तराजूचं सांगते. काल माळावर सिदूनं पान उघडायला लावलं आणि फोन दगडावर ठेवून मेंढरं वळवायला गेला. मेंढरं वळवून, पाण्यावर नेऊन आला तेव्हा झेंडूची माळ आली होती. "अंजे, ह्यो भाव बघायचाय का लगीन लावायचंय?" म्हणाला. मग अमरसिंह हात जोडून आले आणि तिथंच थांबले. फोटो बंद करायची फुली एवढी बारीक की सिदूच्या अंगठ्याखाली ती दिसतसुद्धा नाही. त्यानं तीनदा दाबलं, तिन्ही वेळा कर्ज देणाऱ्या कुणाची तरी जाहिरात उघडली. शेवटी फोन खिशात घातला आणि त्या फोटोला जे बोलला ते मी लिहीत नाही, तुझे दीर आहेत.

तू स्वतःला प्रश्न विचारत बस, मी विचारणार नाही. गेल्या वर्षी आमच्याकडून बोकड घेऊन गेलेला व्यापारी दारात उभा राहून म्हणाला होता, "बघा की तुमच्या पानावर, मी कुठं खोटं बोलतोय?" त्याला ठाऊक होतं ते उघडत नाही. आमच्या वाडग्यातला सगळ्यात देखणा बोकड होता तो. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हा माझ्या मते तू हळूहळू काढ. एकेक काढ, आणि काढलं की कळव. मी दर वेळी गुळाचा खडा तोंडात टाकीन. सगळं एकदम उपटलंस तर त्यांना दुखणार कसं?

सिदू म्हणतो, फोटो काढून टाकू नको, उलटा कर. मी म्हणते, शेळ्यांच्या यादीत घाल, "न व्यालेला" म्हणून.

सगळंच काढणार आहेस का गं? म्हणजे तो बोलका भोंगा वगैरे? असो. तुला जे बरं वाटेल ते. तू विचार करूनच करशील.

सासूबाईंनी नमस्कार सांगितलाय. त्या तुला अजून "बीएस्सी" म्हणतात.

तुझी,
अंजू


युसूफ वडगाव
७ डिसेंबर २०२५

प्रिय अंजू,

गूळ संपला असेल तर आणून ठेव.

माळ पहिल्या दिवशी काढली. दुसऱ्या दिवशी बुडबुडा. मग भाषण, राशिभविष्य, तो खोटा आकडा. नकाशा काढताना थोडं थांबले, पण आपल्या बायांना बाजार कुठं भरतो ते ठाऊक आहे, नकाशा हवा असलाच तर व्यापाऱ्यांना. हवामानही गेलं. पुढं पाठवायची बटणं गेली, कुणी कधी दाबली नव्हती. प्रत्येक वेळी तू "आलं गं लवकर" म्हणून मेसेजनं कळवत होतीस आणि मी वहीत लिहीत होते. "जड होतं म्हणून" असंच दर वेळी लिहिलं. एकदाही दुसरं कारण लिहायची पाळी आली नाही, यानं मी जरा चमकले, पण तशीच पुढं गेले.

फोटो मात्र ठेवला, भावांच्या खाली सरकवून. भावांवर आडवा होता तसा तो जुन्या पानाच्या नकलेत जपला, मला सभेसाठी हवा होता.

सभा काल झाली. अमरसिंह तावातावानं आले होते. "वहिनी, तुमी साफसफाई म्हणलाव आणि घरच झाडून नेलं. माळ कुठंय? भाषण कुठंय? लोकाला वाटंल मी मेलो का काय!"

मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं पान होतं तसं एक बाजूला जपून ठेवलंय. दोन्ही पानं उघडून बघू. सभेनं सांगावं कुठलं ठेवायचं."

"चालंल की! आणा फोन."

"आईंचा घेऊ."

माझ्या सासूबाई, छबुबाई, पुढच्या सतरंजीवरच बसल्या होत्या. त्यांचा फोन जुना, काचेला तडा गेलेला. वायफाय मी आधीच बंद करून ठेवलं होतं. लेकाचं पान बघायचं म्हणून त्या खूश झाल्या. मी ते जुनं पान उघडून फोन त्यांच्या हातात दिला. मग आम्ही सगळे थांबलो.

अंजू, ती शांतता तू ऐकायला हवी होतीस. पन्नास-साठ बाया आणि कुणी बोलत नव्हतं. अमरसिंह आधी हसत होते, मग रेंजला दोष दिला, मग मिशीवरून हात फिरवायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "माळ आली, माळ आली!" टाळ्या पडल्या. मग बराच वेळ नुसतीच माळ. मग ते स्वतः आले, हात जोडून. सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, अंगठ्यानं फोटो बाजूला सारायला बघितलं. सरकेना.

"आरं अमऱ्या," त्या म्हणाल्या, "तुझ्या तोंडामागं भाव हाय व्हय?"

"हाय आई. ती फुली दाब."

"मला न्हाई दिसत फुली. तूच तोंड बाजूला घे की!"

बाया लोळायच्या बाकी राहिल्या. एक जण तर पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. सासूबाईंना कळेना काय झालं, त्यांनी खरोखर भाव विचारला होता. त्यानंतर मी आपलं पान उघडलं. त्यांनी वर बघून खाली बघेपर्यंत भाव समोर.

नियम तिथंच मंजूर झाला. बाहेरचं काही जोडायचं असेल तर आधी आतलं एक काढायचं, आणि ज्याला ते हवंय त्यानं सभेसमोर, आईंच्या फोनवर, वायफायशिवाय उघडून दाखवायचं. पानावर कुणाचं नाव किंवा फोटो नाही. त्यात माझंही आलं, "निर्मिती"ची ओळ आणि त्यांचा फोटो, दोन्ही मी त्याच दुपारी काढलं. राहिला होता तो भोंगा. "सौजन्य : अमरसिंह" वाचलं आणि काढून टाकला. त्याच्यावर क्षणभरही घालवला नाही. आता पानावर बाहेरचं काहीही नाही.

अमरसिंह जाताना दारात थांबले. "आईच्या हातून कराया नको होतं वहिनी," एवढंच म्हणाले.

हे वाक्य मी तुला लिहिणार नव्हते. फोन सिदूभावजींचाही मागवता आला असता, सुग्रीवच्या हाती एका दिवसात आला असता. मी आईंचाच निवडला, आणि का निवडला ते मला ठाऊक आहे. लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगते, काल मी किती दिवसांनी पोटभर जेवले.

तुझी,
विजू


युसूफ वडगाव
२१ डिसेंबर २०२५

अंजू,

एवढी मोठी बातमी लिहिली आणि तुझं अक्षर नाही. फोन उचलत नाहीस. सुग्रीवला विचारलं, तो म्हणाला, "दिलं की पत्र. ताई वाचून म्हणल्या, उत्तर न्हाई म्हनून सांग."

कुणी आजारी आहे का? सिदूभावजी ठीक आहेत ना? एक ओळ तरी पाठव.

विजू


पाटोदा
२८ डिसेंबर २०२५

विजू,

कुणी आजारी नाही. तुझं ते सभेचं पत्र आलं त्या दिवशी आमच्या वाडग्यातल्या सगळ्या न व्यालेल्या पाटी विकल्या गेल्या होत्या. त्यामुळं मला हसायला जमलं नाही.

काय झालं ते लिहिते. सिदू आणि मी नेकनूरला लग्नाला गेलो होतो. फोन सासूबाईंजवळ ठेवला. त्यांना वाचता येत नाही हे तुला माहीत आहे, निदान असायला हवं होतं. त्यांना भोंग्याचं चित्र ओळखता यायचं. पान यायला कितीही उशीर लागू दे, त्या फोन पदरात घेऊन बसायच्या, तो फोटो निघेपर्यंत बोटानं टोचत राहायच्या, आणि मग भोंगा दाबून बाजारामागून बाजार ऐकायच्या. बाजार मंदा असला की तो भोंगा कमी बोलायचा, कारण विकलेली जनावरंच कमी. यावरून त्यांनी आपलं एक गणित बांधलं होतं. भोंगा लांबला की तेजी, लवकर थांबला की मंदी.

त्या दिवशी पान झटकन आलं. तुझ्या कामाचं फळ. भोंगा मात्र नव्हता. त्यांनी सगळीकडे दाबून बघितलं. काही आवाज नाही. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला तेव्हा त्यांनीच त्याला सांगितलं, "भोंगा मुका झाला बाबा. म्हंजी बाजारात काय खपलंच न्हाई. आता तू देशील त्यो भाव." त्यानं एवढी सोपी बाई जन्मात पाहिली नसेल. ज्या पाटींवर आम्ही पुढचा कळप उभा करणार होतो त्या सगळ्या टेम्पोत घातल्या, वर सासूबाईंनी त्याला पाणी दिलं. आम्ही आलो तेव्हा वाडग्यात म्हाताऱ्या शेळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्या तर मला म्हणत होत्या, "बरं झालं इकल्या, अजून पडला असता भाव."

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही की भाव चढा होता.

आता दुसरं. तो भोंगा मी मागितला होता. साइट त्यांच्या हाती गेल्यावर मी स्वतः अमरसिंहकडे जाऊन म्हणाले, सासूला वाचता येत नाही, काहीतरी करा. त्यांनी चार दिवसांत लावून दिला. तुला सांगितलं नाही, कारण त्यांचं नाव निघालं की तू पुढचं ऐकत नाहीस. गेल्या पत्रात विषय काढला होता, पण धीर झाला नाही, "तुला जे बरं वाटेल ते" असं लिहून मोकळी झाले. तू विचार करून करशील असं वाटलं. तू नेहमी करतेस.

त्याच्यावर क्षणभरही घालवला नाहीस म्हणे.

अंजू


युसूफ वडगाव
४ जानेवारी २०२६

अंजू,

पत्र वाचल्यावर मला आधी तुझाच राग आला, हे लिहिलं नाही तर पुढचं सगळं खोटं होईल. ज्या माणसानं सभेत माझं हसं केलं त्याच्या दारात तू गेलीस, आणि दीड वर्ष माझ्याशी त्याच्यावरून थट्टा करत राहिलीस. गुळाचे खडे खात होतीस आणि हे गिळून बसली होतीस. माझा हा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा कळवीन.

आता माझं. भोंगा काढल्यावर मी त्याचं वजन पाहिलं होतं. माळेच्या खालोखाल तोच जड होता. बाहेरच्या कंपनीकडून यायचा, येताना आणखी चार जणांना बोलवायचा. म्हणजे नियमानं तो जायलाच हवा होता. हे कळल्यावर मला किती बरं वाटलं होतं! पण मी वजन पाहिलं ते काढल्यानंतर. बाकी सगळ्यांचं आधी पाहिलं, याचं एकट्याचं नंतर. वहीत मात्र "जड होतं म्हणून" असंच लिहिलं आहे. आणि कोण वापरतं, हा प्रश्न मी कुणाच्याच बाबतीत विचारला नाही. बटणं कुणी दाबत नाही म्हणून लिहिलं, तेसुद्धा मी दाबत नाही म्हणून.

तुझ्या सासूबाईंच्या, ताराबाईंच्या, हातचं पाणी पिऊन गेलेल्या त्या व्यापाऱ्याचं नाव मला पाठव. संघाच्या पानावर आता कुणाचं नाव येत नाही, पण संघातल्या एकूण एक बाईच्या कानावर ते घालायला पान लागत नाही. हे मी ठरवून करणार आहे, आणि यात मला स्वतःला काही विचारायचं नाही.

तो भोंगा मी परत लावणार नाही. त्याऐवजी दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भाव मी माझ्या आवाजात वाचून पानावर ठेवीन. बाहेरचं कुणी नको. भोंग्याचं चित्र तेच, तिथंच. पहिलं कालच ठेवलं, आईंच्या फोनवर लगेच वाजलं. आणि शेवटी म्हटलंय, "आवाज आला नाही तर मंदी समजू नका, मला फोन करा." ताराबाईंना ऐकवून त्या काय म्हणतात ते कळव. गोड करून लिहू नकोस.

विजू


पाटोदा
१२ जानेवारी २०२६

विजू,

गोड करून लिहीत नाही. सासूबाईंनी फोन कानाला लावला, मग शेळ्या हाकलून लांब केल्या, मग परत लावला. म्हणाल्या, "कोन बाई हाय ही? तुझी बीएस्सी व्हय? लई हळू बोलती. पेशंटाजवळ बसल्यावानी. शेरडं वरडायलीत, मला काय आयकू येतंय?" मी म्हटलं, मग मी वाचू का? "तू नगं. तू रोजच बोलतीस."

मी विचारलं, मग कुणी वाचावं?

"त्यो अमरसिंग न्हाई का? जत्रंत कुस्त्याला माईकवर असायचा त्यो. काय आवाज होता! डोंगरापल्याड आमी मेंढरामागं असायचो तरी कोन पडला, कोन जितला, समदं कळायचं. त्यो सांगंल तर मला पटंल."

सिदू एवढा हसला की त्याला ठसका लागला.

तुझा राग जाईल तेव्हा कळव म्हणालीस. मी वाट बघते. माझाही अजून आहे थोडा. वाडग्याकडं बघितलं की येतो. आता त्यांना काय सांगू ते मात्र तू लिही, कारण मला त्यांना "नाही" म्हणायचं नाही. एकदा भोंगा गप्प झाला त्याची किंमत आम्ही मोजली.

व्यापाऱ्याचं नाव सुग्रीवला तोंडी सांगितलंय. तो म्हणतो, "वैनीला सांगायची गरजच न्हाई, समद्या बाजारला मीच सांगतो."

अंजू


युसूफ वडगाव
१७ जानेवारी २०२६

प्रिय अंजू,

तुझं पत्र वाचून मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या. सासूबाईंनी विचारलं, "काय हरवलं का?" म्हटलं, नाही.

मी सगळे रस्ते पाहिले, खरंच पाहिले. सिदूभावजींना लावू? ते लाजतात. सुग्रीव? तो भावांबरोबर अख्ख्या बाजाराच्या चहाड्या सांगेल. मी स्वतः ओरडून वाचून पाहिलं. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. दुसरा आवाज आसपास आहे का, याचा मी अगदी वकिलासारखा शोध घेतला. नाही. तो एकच आहे, आणि तो या घराच्या मागच्या गल्लीत राहतो.

तर त्यांनाच वाचायला लावणार आहे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दर आठवड्याला, इथं येऊन, माझ्यासमोर बसून. मी भाव सांगायचे, त्यांनी वाचायचे. बोकड, शेळी, पाट. शुभेच्छा नाहीत, जय नाही, आणि नाव नाही. ज्या माणसाला स्वतःचं तोंड भावांच्या पुढं ठेवायचं होतं, त्यानं आता भावांच्या मागं बसायचं. निवडणुकीचं बघू नका, शेळ्यांचं बघा, असं मी सांगणार आहे. हे लिहिताना मला किती बरं वाटतंय ते तुला दिसत असेल.

आणि लगेच वही पुढं ओढावीशी वाटते. नाव घेऊ नका हे मी का सांगतेय? पान हलकं राहावं म्हणून? एका नावाला वजन किती असणार गं, एका श्वासाचं. एका श्वासानं पान जड होत नाही. नियम आहे, हे खरं. नियम मीच केला, हेही खरं. म्हणजे कारण दुसरं आहे, आणि या वेळी मी ते वहीत तसंच लिहिलं : "त्यांचं आहे म्हणून." पहिल्यांदा लिहिलं. लिहिल्यावरही नियम बदलावासा वाटला नाही. तो बरोबरच आहे. फक्त मी तो बरोबर कारणासाठी केला नाही, आणि हे दोन्ही एकत्र खरं असू शकतं याची मला अजून सवय व्हायची आहे.

ते नाही म्हणू शकतात. सभेत आईंच्या हातून जे झालं ते ते विसरलेले नाहीत. परवा समोरून आले आणि मान वळवून गेले. माझ्याकडे त्यांना देण्यासारखं काही नाही, मागण्यासारखं मात्र आहे. अशा वेळी माणसानं काय करायचं असतं ते मी वाचलेलं आहे, केलेलं नाही. ताराबाईंचं नाव आधी घेईन. तुमच्याकडे अंजू आली तेव्हा तुम्ही भोंगा लावून दिला होता, हेही त्यांच्यासमोर म्हणेन. ते म्हणायलाच सगळ्यात जड जाणार आहे.

क्षमा मागेन का, ते विचारू नकोस. आईंच्या फोनबद्दल मागेन. बाकीची नाही.

ताराबाईंना सांग, आवाज येईल.

उद्या : सकाळी अमरसिंहकडे जायचं. चहा घ्यायचा नाही.

तुझी,
विजू